तेलाच्या झाकणावरची मोहोर

आमच्या घरात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता आणि त्याची कुणाला लाजही वाटत नसे. दूधवाला पाणी घालतो हे ठरलेलंच होतं, प्रश्न फक्त किती घालतो एवढाच. रॉकेलच्या बाटलीवर बाबांनी शिसपेन्सिलीनं रेघ मारलेली असायची. आई लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना गाठ अशी काही मारायची की दुसऱ्या कुणी ती सोडली तर पुन्हा तशी बांधता येऊ नये. मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा पकडली गेले. बाबा अकोल्याच्या पोस्टात होते. थैलीचं तोंड बांधायचं, सुतळीच्या गाठीवर लाख ओतायची, ती गरम असतानाच शिक्का दाबायचा आणि थंड झाल्यावर मगच हात उचलायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं. घरी आले तरी हात राहत नसत. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेला एक पितळी शिक्का त्यांनी हौसेनं करवून घेतला होता. ट्रंकेवर, जुन्या कागदांच्या गठ्ठ्यावर, एकदा तर माझ्या आजारपणातल्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा त्यांनी मोहोर केली होती. दुपारी घरात लाखेचा वास आला की आज बाबांचा कुणावर तरी नवा संशय आहे, एवढं आम्हाला समजायचं.

अशा घरात मोटारगाडी येणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. गाडी आम्ही घेतली नव्हती, ती आली. बाबांचे मामा अमरावतीला संत्र्याचा व्यापार करत. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि जाताना ते आपली काळी अँबेसेडर भाच्याच्या नावानं करून गेले. तेव्हाही ती जुनीच होती. मागच्या सीटला संत्र्याच्या सालीचा वास इतका मुरलेला होता की उन्हाळ्यात दार उघडलं की तोंडाला पाणी सुटायचं. मामांनी गाडी आपल्यालाच का दिली, यावर बाबा महिनाभर विचार करत होते. यात काहीतरी असणार, असं ते म्हणत. शेजाऱ्यांनाही तसंच वाटत होतं, फक्त त्यांचा संशय बाबांवर होता.

गाडी दाखवायला आम्ही सुखदेव मिस्त्रींकडे जात असू. मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलं की भाजीबाजाराच्या मागे त्यांचं गॅरेज होतं. मिस्त्री मूळचे फुलं पिकवणाऱ्या घरातले. त्यांचा भाऊ बाजारात झेंडू आणि शेवंतीचे हार विकायचा. एकटे सुखदेव तेवढे यंत्राच्या नादी लागले होते. अंगानं बारीक, दाढी नेहमी दोन दिवसांची, आणि बोलणं इतकं हळू की बाबांना त्यातच काळंबेरं दिसायचं. मोठ्यानं बोलणारा माणूस बाबांना बरा वाटे, कारण त्याचं निदान ऐकू तरी येतं.

बाबा कचेरीत आणि गाडी गॅरेजात, म्हणजे नजर ठेवायला कुणीतरी हवं. मी मॅट्रिक होऊन घरीच होते, पुढे शिकवायचं की नाही यावर खल चालू होता. तेव्हा बाबांनी मला पाठवायला सुरुवात केली. जाताना डब्यात भाकर आणि ठेचा, हातात विणकाम, आणि कानात बाबांची सूचना: "त्याच्या हाताकडे पाय. तोंडाकडे पाऊ नोको, बोलाले गोड हाये तो." मिस्त्री चांगला भाग काढून जुनाट भाग बसवतील, अशी त्यांना भीती होती. मी लाकडी खोक्यावर बसून दिवसभर त्यांच्या हाताकडे पाहत राही. मी कशासाठी बसले आहे हे मिस्त्रींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी एखादा भाग काढला की तो माझ्यासमोर कागदावर ठेवत, त्याचं नाव सांगत आणि परत बसवताना मला मोजायला लावत. चोरावर पाळत ठेवायला गेलेली मी, दोन-तीन महिन्यांत प्लग साफ करायला शिकले. विणकाम होतं तिथेच राहिलं.

आता लेकीची गाडी अमरावतीतल्या चकचकीत वर्कशॉपमध्ये जाते तेव्हा मला काचेच्या या बाजूला सोफ्यावर बसवतात आणि कॉफी देतात. मी कॉफी घेते आणि मोबाइलवर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवते. लेक हसते. हसू दे. रक्तातलं ते कुठं जाणार?

तेलाचं प्रकरण सुरू झालं ते असं. इंजिनातलं तेल दर महिन्याला थोडं कमी व्हायचं. जुनं इंजिन आहे, थोडं पिणारच, असं मिस्त्रींनी सांगितलं. इंजिन तेल पितं हे बाबांना मुळीच पटलं नाही. पिणारा कुणीतरी दोन पायांचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग एका रविवारी त्यांनी स्वतः तेल भरलं, इंजिनाच्या वरच्या कव्हरवर जे तेल ओतायचं झाकण असतं ते घट्ट लावलं, त्यावर पार्सलचं मेणकापड गुंडाळलं, सुतळीनं आवळून बांधलं आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. लाख वितळवायला मेणबत्ती मीच धरली होती. काम झाल्यावर बाबा दोन पावलं मागे सरून बघत उभे राहिले, आणि मलाही ते फार हुशारीचं वाटलं, हे इथे कबूल केलं पाहिजे. त्या दिवशी जेवायला गोळ्यांची कढी होती आणि बाबांनी दोनदा मागून घेतली.

पंधरा दिवसांत गाडीखाली तेलाचा डाग दिसू लागला. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं जे कव्हर असतं, ज्याला सगळे टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या कडेनं तेल झिरपून खाली उतरत होतं. कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाचं पातळ पॅकिंग असतं, तिथून. बाबांनी गाडीखाली रोज जुनं वर्तमानपत्र पसरायला सुरुवात केली. सकाळी डागाभोवती पेन्सिलीनं कड ओढायची आणि कागद घडी करून ठेवून द्यायचा. असे कितीतरी कागद जमले. आईचं म्हणणं एवढंच होतं की यातल्या एकाही कागदावर आता पोहे वाळत घालता येणार नाहीत.

मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि ते मोहोरेकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी कव्हर झाकणासकट, मोहोरेसकट अलगद उचललं, पॅकिंग बदललं आणि कव्हर बसवलं. संध्याकाळी बाबा गाडी न्यायला आले तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, ते झाकनावरचं फडकं काढून टाका. या इंजिनचा बाजूचा हवेचा पाइप मामासायबाच्या टायमालेच तुटला, तिथं डाग मारून तोंड बंद करून ठेवलं हाये. आता हवा निंगाले हे झाकनच रायलं. तेबी बांधलं त दम कोंडते, अन मंग ती हवा तेल घेऊन पॅकिंगमधून निंगते."

बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुलावर आल्यावर मला म्हणाले, "पायलं? त्याले मोहोर तोडाची हाये."

हा त्यांचा विचार मला तेव्हा बिनतोड वाटला. ज्याला चोरी करायची आहे तोच कुलूप काढायला सांगणार. पुन्हा तेल गळालं, पुन्हा मिस्त्रींनी पॅकिंग बदललं, पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तर बाबांची खात्रीच पटली की हा माणूस मुद्दाम पॅकिंग नीट बसवत नाही, म्हणजे आपण कंटाळून मोहोर काढू. त्यांनी गाडी तिकडे न्यायची बंद केली. तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ चाललं असतं. पण बाबा पोस्टात बसत आणि त्यांच्या खिडकीपुढे सारं अकोला उभं राहायचं. तिकीट देता देता ते गाडीवाल्या माणसाला आवर्जून सांगत की जुन्या शहरातल्या त्या मिस्त्रीपासून जरा सांभाळून, तो पॅकिंग ढिलं ठेवतो. बाबांचा शब्द लोक मानत. मोहोर कधी तुटली नाही अशी त्यांची नोकरी होती.

मग आम्ही आईच्या हौसेखातर रिद्धपूरला निघालो. आईचं माहेर महानुभाव पंथाचं, वर्षातून एकदा तिला तिथे जायचंच असे. गाडी स्टँडजवळच्या दुसऱ्या एका मेकॅनिककडून नवं पॅकिंग घालून आणली होती. मूर्तिजापूरच्या अलीकडेच बोनेटखालून निळसर धूर येऊ लागला आणि जळक्या तेलाचा वास गाडीत भरला. आई पदर नाकाला लावून बाभळीखाली जाऊन बसली. बाबांनी बोनेट उघडलं. कव्हरच्या कडेनं तेल पाझरून तापलेल्या नळ्यांवर पडत होतं आणि चरचरत होतं. बाबा म्हणाले, "ढिलं करून ठेवलं त्यानं." मी म्हटलं की बाबा, गाडी त्यांच्याकडे दीड महिन्यात गेलेलीच नाही, हे पॅकिंग तर स्टँडवाल्याचं आहे. बाबांनी क्षणभर विचार केला. "तो बी त्याचाच मानूस असन," ते म्हणाले.

तिथे, त्या रस्त्याच्या कडेला, मला पहिल्यांदा बाबांचा संशय आला. म्हणजे बाबांनी काही लबाडी केली असं नाही. पण जे काही घडेल ते त्यांच्या संशयात नेमकं बसतं, काहीही बाहेर उरत नाही, हे काही बरोबर नाही असं वाटलं. त्या मानानं आईची गाठ बरी, ती सुटली की सुटली आणि नाही की नाही. मी मोहोरेकडे बघितलं. धूळ आणि तेल बसून ती काळी झाली होती, पण अक्षर स्पष्ट होतं. पुढे गाडी हळूहळू, थांबत थांबत नेली. आईचं दर्शन झालं.

परत आल्यावर दोन दिवसांनी, बाबा कचेरीत गेल्यावर, भर दुपारी मी बोनेट उघडलं. घरातली मोहोर तोडणं म्हणजे काय, हे पोस्टातल्या माणसाच्या मुलीला सांगावं लागत नाही. सुतळी कापली, मेणकापड सोडलं. झाकणाची बारीक भोकं दिसली. जरा वेळ इंजिन चालू ठेवलं तर त्या भोकांतून ऊन हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली. मी हात धरला, तळवा तेलकट झाला. दुसरं काही सिद्ध करायची गरज नव्हती. सुखदेव मिस्त्रींनी जे सांगितलं होतं ते शब्दान् शब्द खरं होतं आणि मी त्या वेळी खोक्यावर बसून त्यांच्या हाताकडे पाहत होते.

इंजिन गार झाल्यावर मी वरचे दोन नट काढले आणि कव्हर सोडवलं. जुनं पॅकिंग कडेनं दाबून पसरलं होतं, स्टँडवाल्यानं ताकद लावून नट आवळले होते. ते बोथट चाकूनं खरवडलं, तुकडे आत पडू नयेत म्हणून आधी फडकी कोंबली. कव्हर रॉकेलनं धुऊन फरशीवर पालथं ठेवलं तर ते डुगडुगलं, म्हणजे कड वाकलेली. मिस्त्री जसं करत तसं लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातानं ठोकून ती सरळ केली. डिकीत मिस्त्रींनीच ठेवलेलं एक नवं पॅकिंग होतं. ते शेलॅक नावाचं चिकट रोगण लावून कव्हरला चिकटवलं आणि वाळेपर्यंत त्यावर आईचा वरवंटा ठेवला. नट आवळताना मिस्त्रींचं बोलणं आठवत होतं: "बोटानं आवय, मंग अर्धा फेरा, बस. बुचाचं हाये ते. चेंदलं त तेल कावून धरीन?"

इथवर मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. त्यानंतर जे केलं त्याची लाज वाटते. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. मी नवं मेणकापड घेतलं, घड्यांत लपतील अशी त्याला सुईनं भोकं पाडली, झाकणावर बांधलं, लाख वितळवली आणि कपाटातला शिक्का काढून जशीच्या तशी मोहोर केली. आई आतून आली, दारात थांबली आणि म्हणाली, "लाखेचा वास कावून येऊन रायला वं?" ती वरवंटा उचलून धुवायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र कोरडं. तिसऱ्या दिवशी कोरडं. आठवडाभर कोरडं. मला वाटलं होतं बाबा खूश होतील आणि विषय संपेल. बाबा खूश झालेच, पण त्यांचा अर्थ वेगळा निघाला. मोहोर शाबूत, मिस्त्री दूर, आणि तेल गळायचं थांबलं. यापेक्षा आणखी पुरावा कोणता हवा? आतापर्यंत ते सांभाळून राहा म्हणत होते, आता ते खिडकीतून छातीठोकपणे सांगू लागले की माणूस चोर आहे, माझ्याकडे पुरावा आहे. कोरडे कागद त्यांनी कचेरीतही नेले. म्हणजे मिस्त्रींच्या नावाला जो बट्टा लागला त्यावरची शेवटची मोहोर माझ्या हातची होती.

कोथिंबीर आणायच्या निमित्तानं मी जुन्या शहरात गेले. गॅरेज उघडं होतं, पण आत एकही गाडी नव्हती. मिस्त्री माझ्याच खोक्यावर बसून भावाच्या दुकानासाठी झेंडूचे हार ओवत होते. बोटांच्या भेगांत तेल काळं होऊन बसलेलं आणि त्या बोटांत पिवळी फुलं. आधी डॉक्टरांची गाडी गेली, मग शाळेची, मग बाकीच्या, असं मी विचारल्यावर त्यांनी सांगितलं, तेही तक्रार केल्यासारखं नाही. मग आमची गाडी कशी आहे ते त्यांनी विचारलं. गळत नाही, मी म्हटलं.

"फडकं काढलं वाट्टे," ते म्हणाले.

मला रडू आलं. सगळं सांगून टाकलं, खोट्या मोहोरेसकट. आणि मग, आपली चूक थोडी त्यांच्या पदरात टाकता येईल का, असा विचार मनात येऊन विचारलं की तुम्हाला माहीत होतं तर तुम्हीच का नाही ते कापड काढून टाकलं? एका मिनिटाचं तर काम होतं.

मिस्त्रींनी सुईत दोरा घातला. "मी तोडली असती त चोर मीच झालो असतो, बाई. न तोडूनबी झालोच, ते सोड. तू तोडली त तुले कोन चोर म्हनते? घरचीच हायेस तू."

त्या दिवशी जेवताना मी बाबांना सांगितलं. पानात पातोडीचा रस्सा होता, तो निवून गेला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. हात धुतले, बाहेर जाऊन बोनेट उघडलं आणि चष्मा वर करून मोहोर अगदी जवळून बघितली. मग चौकशी सुरू झाली. कोणत्या दिवशी, किती वाजता, लाख कुठली, शिक्का कुठून घेतला, घरात कोण होतं. मी सगळ्याची उत्तरं दिली. मेणकापडाची भोकं बोटानं चाचपून त्यांनी विचारलं की हे तुझ्या डोक्यातून निघालं का. हो म्हटलं. इंजिनाबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

पण माझे बाबा खोटे नव्हते, आणि हे मला ठासून लिहायचं आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मला गाडीत बसवलं, पूल ओलांडला आणि ऐन गर्दीत गॅरेजपुढे गाडी उभी केली. बोनेट उघडलं. स्वतःच्या हातानं सुतळी कापली आणि लाखेचे तुकडे रस्त्यावर टाकले. भाजीवाले, हारवाले बघत होते. बाबा खिडकीत बोलायचे त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "मिस्तरी, तेल मायाच मोहोरेनं गयत होतं. तुमचा काई दोष नोता. मी लोकाले खोटं सांगतलं." मिस्त्रींनी हात पुसले, पुढे झाले आणि नट एकदा बोटानं चाचपून पाहिले. बरोबर आवळले आहेत, म्हणाले. ते माझ्याकडे पाहून म्हणाले की बाबांकडे, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर बाबा पोस्टाच्या खिडकीतून प्रत्येकाला, ज्याला ज्याला आधी सांगितलं होतं त्याला, बोलावून बोलावून खरं काय ते सांगत राहिले. पावसाळ्याआधी डॉक्टरांची गाडी परत गॅरेजात दिसली. आपली चूक अशी चारचौघांत कबूल करणारी माणसं मी पुढे फार पाहिली नाहीत.

त्या दिवशी परत येताना माझं मन कितीतरी हलकं झालं होतं. बाबांच्या शेजारी बसून मी पहिल्यांदाच गाडीचा आवाज मजेत ऐकत होते, वास नाही, धूर नाही. पुलाच्या मध्यावर आल्यावर बाबांनी वेग कमी केला. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "आखीन काय काय उघडलं तू?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

ते अगदी खरं होतं. बाबा त्यानंतर सव्वीस वर्षं जगले, आणि त्यांना ते कधीच खरं वाटलं नाही.